संत्र्याचा रंग आणि सातबाऱ्यातली चूक

मागच्या अंकात माकडहाडाच्या दुखण्याबद्दल एका काकांना उत्तर देताना मी लिहिलं होतं, ‘हे हाड म्हणजे आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या शेपटीची उरलेली गाठ. चिंपांझीलाही शेपटी नाही, कारण त्याचं आणि आपलं घराणं एकच.’ या दोन वाक्यांवर जितकी पत्रं आली तितकी या सदरात कधी आली नव्हती. काही प्रेमाची, काही रागाची, बरीचशी खऱ्या कुतूहलाची. नागपुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत मी बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण वर्गात इतके नेमके प्रश्न क्वचितच आले. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. सुट्टीत आम्ही रामटेकला गेलो होतो. गडावर एका वानराने आजीच्या हातातली प्रसादाची पुडी ओढून नेली. आजी म्हणाली, “तुझ्या पुस्तकात म्हणे माणूस माकडापासून झाला. मग हे अजून माकडच कसे?” मला काही सांगता आलं नाही.
– एक विद्यार्थिनी, महाल

बाळा, आजीचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. तिला म्हणावं, रामटेकचं वानर आपलं आजोबा नाही, दूरचं चुलत भावंड आहे. तुझी चुलत बहीण अमरावतीला असेल, तर तू काही तिच्यापासून झालेली नाहीस. तुम्हा दोघींचे आजी-आजोबा एक. तू झालीस म्हणून तिने नाहीसं व्हावं असंही काही नाही.

वानराचे आणि आपले सामाईक पूर्वज साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी होते. त्यांच्यापासून एक फांदी वानरं आणि माकडांकडे गेली. दुसरीतून पुढे गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण निघालो. चिंपांझीची आणि आपली वाट तर अगदी अलीकडे, ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. ‘अगदी अलीकडे’ का म्हणते, ते बर्डीवर गेलीस की कळेल. सीताबर्डीच्या किल्ल्याखालची टेकडी दख्खनच्या लाव्हाची आहे, आणि तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो थंड होऊन दगड झाला तेव्हा जगात माणूस नव्हता, चिंपांझी नव्हता, वानरही नव्हतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा तो पूर्वज आज गडावर बसलेला दिसला असता, तर आजीने त्याला माकडच म्हटलं असतं. म्हणजे ‘माकडापासून’ हा शब्द सपशेल खोटा नाही. खोटं आहे ते ‘या माकडापासून’. आमचे काही शिक्षक “आपण माकडापासून झालोच नाही” एवढं सांगून मोकळे होतात. मला ते अर्धवट वाटतं.

आता आजीच्या ‘अजून’ या शब्दाकडे येऊ. त्या शब्दामागे एक समज आहे, की वानर मागे राहिलं, वर्गात नापास झालं, आणि आपण पुढे आलो. तसं नाही. आपल्या पूर्वजांना बदलायला जेवढी वर्षं मिळाली, तेवढीच त्याच्याही पूर्वजांना मिळाली. ती त्यांनी वाया घालवली नाहीत. गडावरचं वानर पिंपळाची, चिंचेची पानं दिवसभर ओरबाडतं. तू पोटभर पानं खाऊन बघ, दुपारपर्यंत आडवी होशील. वानराचं पोट गाईच्या पोटासारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. त्यात जिवाणू राहतात, ते पानं आंबवतात, आणि मग वानर ते जिवाणूच पचवतं. त्यासाठी लागणारं लायसोझाइम नावाचं प्रथिन वानरात आणि गाईत स्वतंत्रपणे बदललं, आणि काही ठिकाणी तर अगदी सारखंच बदललं. हे १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिलं. गाईचं आणि वानराचं जवळचं नातं नाही, पण पानं पचवण्याची अडचण सारखी होती, म्हणून उत्तरही सारखं निघालं. आजीला सांग, हे अजून माकड नाही. हे पूर्ण तयार झालेलं वानर आहे, आणि पानं खाण्यात आपल्यापेक्षा फार पुढे गेलेलं आहे.

प्रश्न : मॅडम, काटोलजवळ माझी संत्र्याची बाग आहे. अंबिया बहाराची फळं रंगावर आली की वानरांची टोळी उतरते. फटाके फोडले, राखणदार ठेवला, दोन दिवसांनी पुन्हा हजर. मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणते, बाबा, मॅडमनी लिहिलंय, ते आपले नातेवाईक आहेत. पानं खाणारं वानर माझ्या संत्र्यामागं का लागतं ते सांगा. आणि नातं आहे म्हणता, तर कागद दाखवा.
– एक संत्रा बागायतदार, काटोल तालुका

भाऊ, आधी एक सांगते. नातं आहे म्हणून नुकसान सोसा असं मी कधी म्हणणार नाही. माझ्या माहेरीही बाग होती. बहार धरायला झाडांना ताण देणं, मग पाणी सोडणं, फळगळीची धास्ती, आणि हे सगळं निभावल्यावर एका सकाळी झाडाखाली अर्धवट खाल्लेल्या फळांचा सडा. माझ्या वडिलांचा त्या सकाळचा चेहरा मला आजही दिसतो.

वानर संत्र्यामागं का लागतं याचं सरळ उत्तर म्हणजे गोडी. पानांत एवढी साखर कुठून मिळणार? पण ते फळ त्याला शंभर फुटांवरून दिसतं कसं, यात आपल्या नात्याची पहिली खूण आहे.

बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. तुमची गाय, तुमचा कुत्रा, जंगलातलं चितळ, यांना हिरवा आणि नारिंगी हे रंग नीट वेगळे करता येत नाहीत. तुमच्या बैलाला पिकलेलं संत्र पानांत जवळजवळ हरवलेलं दिसतं. आपल्या डोळ्यांत मात्र तिसरा प्रकारही आहे. फार जुन्या पूर्वजांत रंगाच्या एका जनुकाची चुकून दुसरी प्रत झाली. ती प्रत हळूहळू थोडी बदलली आणि लाल-हिरव्यातला फरक दिसू लागला. दोन्ही प्रती एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. पुरुषांकडे एक्स एकच, म्हणून रंगांधळेपणा पुरुषांत जास्त. हीच जोडी, याच गुणसूत्रावर, वानरातही आहे. रंग आलेलं संत्र हिरव्या झाडात उठून दिसतं ते तुम्हाला, मला, चिंपांझीला आणि तुमच्या बागेत उतरणाऱ्या टोळीला. मग तुम्ही फळ पारखून तोडणी ठरवता, आणि ती टोळीही तेच करते.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन पेंचला गेले होते. सागाच्या शेंड्यावरून वानर खाकरल्यासारखं ओरडलं आणि गाइडने जिप्सी थांबवली. समोर चितळांचा कळप मान वर करून उभा, पण त्यांची नजर भलतीकडेच. वाघ तिथेच, गवताच्या कडेला होता. चितळाच्या डोळ्यांना वाघाचा नारिंगी रंग हिरवट झाडोऱ्यात मिसळून जातो. वानराला तो आपल्यासारखाच नारिंगी दिसतो. त्या दिवशी जिप्सीतल्या आम्हा सगळ्यांना आणि झाडावरच्या त्या एका वानराला वाघ एकाच रंगात दिसत होता. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्यातला एक जण वाघ सोडून वानराकडेच बघत बसला.

आता कागद. तोही संत्र्यातच आहे.

संत्र्यातलं ‘क’ जीवनसत्त्व आपल्याला रोज बाहेरून घ्यावं लागतं. ते बरेच दिवस मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात आणि माणूस दगावतोही. पूर्वी खलाशी लांबच्या सफरीत या स्कर्व्हीने मरत. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना रोज संत्री आणि लिंबं दिली, ते सर्वांत लवकर उठले. पण तुमच्या गोठ्यातल्या गाईला, बकरीला, दारातल्या कुत्र्याला कोणी संत्री खायला घालतं का? त्यांचं यकृत साखरेपासून हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करतं. त्यातली शेवटची पायरी पार पाडणाऱ्या जनुकाला ग्युलो म्हणतात. गंमत अशी, की ते जनुक आपल्याकडेही आहे. पण मोडलेलं. त्याचे तुकडे आठव्या गुणसूत्रावर पडून आहेत आणि त्यांतून काहीच तयार होत नाही.

तुमच्या पणजोबांच्या नावात तलाठ्याने एक काना जास्त टाकला, असं समजा. पुढे वाटण्या झाल्या. एक शाखा काटोलला राहिली, एक नरखेडला गेली, एक मुलताईला. आज तिन्ही ठिकाणचे सातबारे काढले आणि तिन्हींवर तोच काना त्याच जागी जास्त असेल, तर तुम्ही काय म्हणाल? तीन तलाठ्यांनी वेगवेगळ्या वेळी तीच चूक केली असं कोणी म्हणणार नाही. एकाच मूळ नोंदीवरून उतरत आलेली चूक आहे, हे कोर्टातही पटेल. बरोबर लिहिलेलं नाव असं काही सिद्ध करत नाही, कारण बरोबर तर कोणीही लिहील. नातं ओळखू येतं ते चुकीवरून.

ग्युलोचं तसंच आहे. माणूस, चिंपांझी, ओरांगउटान, लाल तोंडाची माकडं, या सगळ्यांत ते मोडलेलं आहे, आणि त्याचे गळालेले भागही तेच. तुमच्या बागेतलं वानरही याच शाखेतलं. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी कुठल्यातरी झाडावर फळं-पानं खाणाऱ्या पूर्वजात हे जनुक बिघडलं. पण रोजच्या खाण्यातच जीवनसत्त्व भरपूर होतं, म्हणून काही अडलं नाही आणि बिघाड तसाच पुढे उतरत गेला. गिनीपिगचंही हे जनुक मोडलेलं आहे, पण वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तऱ्हेने. ती दुसऱ्या गावच्या तलाठ्याची दुसरी चूक. मादागास्करचे लेमूर आपल्या शाखेपासून आधीच फुटले होते. ते आजही हे जीवनसत्त्व स्वतः बनवतात.

भाऊ, तुमची बाग ज्यामुळे चालते ती गिऱ्हाइकाची गरजसुद्धा या एका जुन्या चुकीतूनच आली आहे. मुलीला हे दाखवा.

प्रश्न : माणूस आणि चिंपांझी ९८ टक्के सारखे, असं वाचतो. केळ्याशी ५० टक्के सारखे, असंही वाचतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. आमच्याकडे माणसाची गुणसूत्रं ४६ आणि चिंपांझीची ४८. मग सारखेपणा कुठे राहिला?
– एक लॅब टेक्निशियन, धंतोली

टक्क्यांवर फार विसंबू नका. मोजायची रीत बदलली की आकडा बदलतो. चिंपांझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन्हींतला जो मजकूर ओळीला ओळ लावून ताडता येतो, त्यात फरक सुमारे १.२ टक्के निघाला. मधले गळालेले किंवा जास्तीचे तुकडेही धरले तर फरक ४ टक्क्यांच्या आसपास जातो. केळ्याचा आकडा वेगळ्याच रीतीने काढलेला असतो. तो यांच्या शेजारी ठेवायचाच नसतो.

तुमची ४६ आणि ४८ ची शंका मात्र खरी मौल्यवान आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, तिघांचीही गुणसूत्रं ४८, आणि आपलीच ४६. पूर्वज एक असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवली तर गर्भच जगत नाही, हे तुम्ही लॅबमध्ये पाहिलं असेल. म्हणजे ती हरवलेली नाही, कुठेतरी जोडली गेलेली असणार. दोन वह्या एकत्र शिवल्या तर मधल्या पानांत दोन पुठ्ठे पाठीला पाठ लावून सापडायला हवेत. गुणसूत्राचे पुठ्ठे म्हणजे टोकांचे टेलोमिअर, टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली. ती फक्त टोकांना असायला हवीत. १९९१ साली संशोधकांना आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या पोटात हाच मजकूर सापडला. समोरासमोर तोंड करून, जुना आणि झिजलेला. दोन गुणसूत्रं जोडली तर सेंट्रोमिअरही, म्हणजे गुणसूत्राची कंबरही, दोन असायला हवेत. दुसऱ्याचे अवशेषही तिथेच आहेत, बंद पडलेले. आधी अंदाज आणि मग नेमक्या जागी सापडलेला पुरावा, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. शेवटच्या वर्षापर्यंत मी ते शिकवताना दर वेळी माझाच आवाज चढायचा.

प्रश्न : आमच्या वेळी शिकवत, रामापिथेकस हा माणसाचा पहिला पूर्वज. आता त्याचं नावही कोणी काढत नाही. दर वीस वर्षांनी तुमचं शास्त्र बदलणार, तर विश्वास कशावर ठेवायचा?
– एक निवृत्त अभियंता, रामदासपेठ

मीही तेच शिकले. १९७८ साली मी बीएस्सीला होते, तेव्हा शिवालिक टेकड्यांतला रामापिथेकस हा पूर्वज म्हणून परीक्षेला हमखास यायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही फळ्यावर तसंच लिहिलं.

झालं असं, की १९३० च्या दशकात हे नाव दिलं गेलं तेव्हा हाती होते ते जबड्याचे तुकडे आणि दात. तुटक्या जबड्याचा बाक माणसासारखा असावा, असं अनुमान त्यावरून काढलं गेलं. पुढे पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर शिवापिथेकस या प्राचीन कपीच्या कवटीचा चेहऱ्यासकट बराचसा भाग सापडला, आणि मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड पिलबीम यांनी त्यावर १९८२ साली लिहिलं. तो चेहरा ओरांगउटानच्या घराण्याचा होता. रामापिथेकस हाही त्याच शिवापिथेकसमधला निघाला. पिलबीम हे स्वतः रामापिथेकसला पूर्वज मानणाऱ्यांतले एक होते. हाती नवा पुरावा आल्यावर त्यांनी आपलंच मत मागे घेतलं. त्यानंतर मी वर्गात जाऊन सांगितलं, “मागच्या वर्षी शिकवलेलं खोडा.” मुलं हसली नाहीत. एकाने विचारलं, “मॅडम, मग पूर्वज कोण?” तो प्रश्न मला फार आवडला.

साहेब, बदललं ते एका जबड्याचं घर. चिंपांझी आणि आपण एका घरातले, हे त्याने बदललं नाही, उलट पक्कं झालं. इथिओपियात हदारला १९७४ साली ‘ल्यूसी’ मिळाली, म्हणजे आपल्या गोतातल्या एका मादीचा सांगाडा. सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, मेंदू चिंपांझीएवढा, पण गुडघा आणि कंबर दोन पायांवर चालणाऱ्याची. टांझानियात लेटोलीला राखेत उमटलेली पावलं मिळाली, ती ३६ लाख वर्षांहून जुनी. म्हणजे आधी आपण उभे राहिलो आणि मेंदू नंतर मोठा झाला. पूर्वी बहुतेकांना उलट वाटायचं.

आणि आपल्या जवळचंही एक सांगते. भोपाळला जाताना इटारसीच्या पुढे गाडी नर्मदेच्या पुलावर येते आणि डब्यातले लोक नाणी टाकतात. त्याच नर्मदेच्या काठी, होशंगाबादजवळ (आताचं नर्मदापुरम) हथनोरा गावात, ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना एका प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. या खात्याच्या मध्य विभागाचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. कवटीचं वय किती आणि तिला कोणत्या जातीत घालायचं, यावर अजून वाद आहेत. पण तिथे आपल्या गोतातलं कोणीतरी राहत होतं, याबद्दल वाद नाही. मी त्या पुलावरून जाते तेव्हा खिडकीची जागा सोडत नाही.

प्रश्न : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. आपल्या पूर्वजांना उत्क्रांती आधीच माहीत होती, हे तुम्ही का लिहीत नाही?
– एक वाचक, इतवारी

कारण मला ते खरं वाटत नाही, आणि दशावतारांना त्याची गरजही वाटत नाही. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा मी लहानपणापासून रस्त्यावर उभी राहून बघत आले. त्यात पुढे येणाऱ्या चित्ररथांना मी हात जोडते ते जीवशास्त्रासाठी नाही. अवतारकथा सांगते, की संकट आलं तेव्हा देव त्या रूपात धावून आला. मत्स्यापासून कूर्म जन्मला असं ती कुठेच म्हणत नाही, आणि उत्क्रांतीचं तर सगळं म्हणणं जन्माच्या साखळीबद्दल आहे. शिवाय कासव आपल्या वाटेवर लागतच नाही, त्याची शाखा वेगळी. दोन्हींची ओढून-ताणून गाठ मारली की कथेतला भाव जातो आणि शास्त्रातला पुरावाही.

प्रश्न : माझा सिकलसेलचा रिपोर्ट ‘एएस’ आला आहे. घरी लग्नाचं बघताहेत, आई रडते. उत्क्रांतीत चांगलं तेच टिकतं म्हणतात. मग हे आमच्यात टिकलं कसं?
– एक तरुणी, उत्तर नागपूर

बेटा, आधी आईला सांग, ‘एएस’ म्हणजे वाहक, आजारी नव्हे. तुझ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण माझं एक जुनं देणं आहे. अकरावीतली माझी एक विद्यार्थिनी सारखी गैरहजर असायची. सांधे दुखतात म्हणायची. मी तिला कामचुकार समजले आणि वर्गासमोर बोलले. पुढे कळलं, की ती ‘एसएस’ होती, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेली, खरी आजारी. त्या वेदना काय असतात हे मी नंतर वाचलं. तिची माफी मागितली, पण ती वेळ परत आली नाही.

‘चांगलं तेच टिकतं’ हे वाक्य चुकीचं आहे. टिकतं ते, ज्यामुळे त्या जागी, त्या काळी जास्त लेकरं जगतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की सिकलसेलचं हिमोग्लोबिन होतं. ते आई-वडील दोघांकडून आलं तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. पण एकाकडूनच आलं, तुझ्यासारखं, तर गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. पूर्व आफ्रिकेत काम करून अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ साली दाखवलं. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलं नेली. त्यांतून जी वाचली, त्यांच्यात वाहक जास्त होते. तू त्यांची नात आहेस. तुझ्या रक्तात दोष उरला तो असा, आणि त्याच्यासोबत कुणाच्यातरी वाचण्याचा इतिहासही आला.

जाता जाता, ज्या परजीवीमुळे सर्वांत घातक मलेरिया होतो, तो माणसात आला गोरिलाकडून, असं २०१० साली जनुकांवरून दिसून आलं. नातं जवळचं असलं की आजारही घर सहज बदलतात.

आता कामाचं. ज्या मुलाचं स्थळ येईल त्याची तपासणी करून घ्या, लग्न ठरण्याआधी आणि संकोच न करता. त्याचा रिपोर्ट ‘एए’, म्हणजे सिकलसेलचा दोष नसलेला, असेल तर तुमच्या मुलांना ‘एसएस’ होणार नाही. तोही ‘एएस’ असेल तर प्रत्येक वेळी चारांत एक शक्यता असते. त्याची थॅलेसेमियाची तपासणीही सोबत करा, कारण ते आणि सिकलसेल एकत्र आले तरी त्रास होतो. आईला हवं तर हे पान वाचून दाखव.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. हे सगळं त्याला पुस्तकाशिवाय कुठे दाखवू?
– एक पालक, प्रतापनगर

रामटेकलाच न्या. खायला काही नेऊ नका, पिशवीसुद्धा हातात धरू नका, आणि टोळीपासून दहा-बारा पावलं दूर बसा. वानराचा हात बघायला सांगा. खारीला नख्या असतात, मांजरीला नख्या असतात. वानराला आपल्यासारखी चपटी नखं असतात. अंगठा मात्र आपल्यापेक्षा आखूड आहे, कारण त्याला फांद्यांवर झेपा घ्यायच्या असतात. दोन्ही डोळे समोर आहेत, बकरीसारखे बाजूला नाहीत, म्हणून उडी मारताना अंतर चुकत नाही. अगदी लहान पिल्लू काळपट रंगाचं असतं. ते आईच्या पोटाला कसं घट्ट धरून लटकतं ते दिसेल. घरी तान्हं बाळ असेल तर त्याच्या तळहातावर बोट ठेवून बघा, तेही तशीच मूठ आवळतं.

शेपटीबद्दल तो विचारणारच. त्याला सांगा, आईच्या पोटात पाचव्या आठवड्यात त्यालाही छोटी शेपटी होती आणि आठव्या आठवड्यापर्यंत ती विरून गेली. गिबनपासून आपल्यापर्यंतच्या शाखेत शेपटी कशामुळे गेली असावी, हे २०२४ मध्ये समोर आलं. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा घुसला. तो आपल्या शाखेत सगळ्यांकडे आहे, शेपटीवाल्या माकडांकडे नाही. उंदरांत तसाच बदल केला तर काही उंदीर शेपटीविना किंवा आखूड शेपटीचे जन्मले.

सकाळी लवकर पोहोचा. ऊन चढलं की टोळी सावलीत जाऊन बसते आणि मग नुसत्या लोंबणाऱ्या शेपट्या दिसतात.